लष्करी वाहनांच्या मूळ रंगांची जुळणी

लष्करी वाहनांच्या मूळ रंगांची जुळणी म्हणजे जुन्या जीप, मालमोटारी, चिलखती गाड्या आणि रणगाडे यांचे जतन किंवा पुनरुज्जीवन करताना, ते वाहन प्रत्यक्ष सेवेत असताना त्यावर असलेल्या रंगाची छटा, चकाकी आणि पोत शोधून काढण्याची व तशीच पुन्हा तयार करण्याची प्रक्रिया होय. वाहनाचे सुटे भाग मिळवणे किंवा इंजिन चालू करणे यांच्या तुलनेत हे काम सोपे वाटते. प्रत्यक्षात यंत्राच्या दुरुस्तीला मूळ आराखड्यांचा आधार असतो, तर रंगाच्या बाबतीत उपलब्ध पुरावाच काळानुसार बदललेला असतो. लष्करी वाहनाचा रंग ही सजावट नसते. ते वाहन कोणत्या वर्षी, कोणत्या आघाडीवर आणि कोणत्या सैन्याकडे होते, हे त्या रंगावरून कळते. म्हणून चुकीचा रंग दिलेले वाहन चुकीचा इतिहास सांगते.

महाराष्ट्रात या विषयाचा सर्वांत जवळचा संबंध अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालयाशी येतो. वाहनांच्या रंगकामाचे तेच नियम रेल्वेच्या जुन्या डब्यांनाही लागू पडतात. त्या अंगाने सोलापूर जिल्ह्यातील बार्शी लाइट रेल्वेचा उल्लेख पुढे आला आहे.

खाकीपासून ऑलिव्ह ड्रॅबपर्यंत

'खाकी' हा शब्द फारसीतील 'खाक', म्हणजे धूळ किंवा माती, यावरून आला. इंग्रजांच्या सैन्यात या रंगाचा वापर हिंदुस्थानातच सुरू झाला. १८४६ साली उभारलेल्या 'कोअर ऑफ गाइड्स' या वायव्य सरहद्दीवरील पलटणीने मातकट रंगाचे कपडे वापरले आणि पुढे जगभरच्या सैन्यांनी तो रंग उचलला. मात्र 'खाकी' या एकाच नावाखाली पिवळसर, तपकिरी आणि हिरवट अशा अनेक छटा वावरतात. मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर खाकी म्हटले की पोलिसाचा गणवेश येतो, तर दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश वाहनांना दिला जाणारा 'खाकी ग्रीन क्रमांक ३' हा चक्क हिरव्या घराण्यातला रंग होता. रंगाच्या नावावर विसंबून छटा ठरवणे ही या क्षेत्रातील पहिली आणि सर्वांत सामान्य चूक आहे.

नावांचा हा गोंधळ टाळण्यासाठी प्रमाणित रंगतक्ते तयार करण्यात आले. जर्मनीत १९२५ साली 'राल' ही संस्था स्थापन झाली आणि १९२७ साली तिने ४० रंगांचा पहिला संच प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये १९३० साली 'बीएस ३८१' हे प्रमाणक निघाले. युद्धकाळात केवळ छद्मावरणाच्या रंगांसाठी १९४२ साली एक वेगळा तक्ता काढण्यात आला. त्यातील रंगांना 'स्टँडर्ड कॅमुफ्लाज कलर', संक्षेपाने 'एससीसी', असे क्रमांक मिळाले. अमेरिकेचा आज सर्रास वापरला जाणारा 'फेडरल स्टँडर्ड ५९५' हा तक्ता मात्र १९५६ सालचा आहे. युद्धकाळातील अमेरिकी जीपच्या रंगाला या तक्त्यातील क्रमांक लावणे म्हणजे आधी होऊन गेलेल्या गोष्टीला नंतर नाव देणे होय. क्रमांक छापील असल्यामुळे तो अधिकृत वाटतो आणि चूक पक्की होत जाते.

युद्धकाळातील बदल

ब्रिटिश वाहनांचा रंग युद्धात किमान दोनदा बदलला. आरंभीच्या खाकी ग्रीनच्या जागी १९४२ च्या सुमारास 'एससीसी २' हा तपकिरी रंग आला. यामागे रणभूमीची गरज नव्हती, कच्च्या मालाची टंचाई होती. हिरव्या रंगासाठी लागणारे क्रोमियम ऑक्साइड अपुरे पडू लागले होते. हे रंगद्रव्य टिकाऊ असतेच, शिवाय अवरक्त प्रकाशात ते झाडाच्या पानांसारखे उजळ दिसते. त्यामुळे विमानातून घेतलेल्या अवरक्त छायाचित्रांत त्याने रंगवलेली वस्तू पाना-झुडपांत मिसळून जाते. अशा मौल्यवान द्रव्याची काटकसर करण्यासाठी मातीच्या रंगद्रव्यांपासून बनणारा तपकिरी रंग पुढे करण्यात आला. एप्रिल १९४४ मध्ये 'एससीसी १५' हा ऑलिव्ह ड्रॅब रंग लागू झाला. याचे कारण व्यावहारिक होते. अमेरिकेतून येणारी हजारो वाहने आधीच ऑलिव्ह ड्रॅब होती आणि ती पुन्हा तपकिरी रंगवण्याचा खटाटोप वाचवायचा होता.

आफ्रिकेच्या वाळवंटात याहून वेगळे रंग होते. तेथे १९४० व १९४१ या काळात फिक्या पिवळसर, राखी आणि गडद रंगांच्या तिरप्या, सरळ कडांच्या पट्ट्यांची 'कॉन्टर' योजना वापरली गेली. ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढणाऱ्या वाहनांसाठी 'एससीसी १३', म्हणजेच 'जंगल ग्रीन' हा गडद हिरवा रंग होता. भारतीय वाचकाच्या दृष्टीने हा रंग महत्त्वाचा आहे, कारण १९४५ साली मेइक्तिला येथे लढलेल्या प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्स या भारतीय रिसाल्यांचे शर्मन रणगाडे याच आघाडीवरचे. शर्मन अमेरिकी बनावटीचा असल्यामुळे त्यावर कारखान्यातील ऑलिव्ह ड्रॅब खाली आणि आघाडीवरचा रंग वर, असे थर सापडणे स्वाभाविक असते. अशा वेळी 'मूळ रंग कोणता?' या प्रश्नाला एकच उत्तर नसते. कारखान्यातून निघाला तेव्हाचा की लढला तेव्हाचा, हे आधी ठरवावे लागते.

जर्मन वाहने १९४३ च्या फेब्रुवारीपर्यंत मुख्यतः गडद राखी असत. त्यानंतर 'डुंकेलगेल्ब' हा गडद पिवळा रंग तळाचा ठरला. त्यावर हिरवे व तांबूस तपकिरी पट्टे सैनिकांनी स्वतः मारायचे असत. त्यासाठीचा रंग घट्ट लगद्याच्या स्वरूपात डब्यांतून पुरवला जाई आणि तो पेट्रोल किंवा पाणी, जे हाताशी असेल त्यात, पातळ केला जाई. एकाच डब्यातील रंग एका गाडीवर दाट आणि दुसरीवर फिका बसे. त्यामुळे जर्मन वाहनांबाबत छटेच्या अचूकतेचा आग्रह एका मर्यादेपलीकडे निरर्थक ठरतो.

अमेरिकी ऑलिव्ह ड्रॅब हा मुळात काळ्या आणि पिवळ्या मातकट रंगद्रव्यांच्या मिश्रणातून तयार होतो. त्यात हिरवे द्रव्य नसले तरी चालते. काळा आणि पिवळा एकत्र आले की डोळ्याला हिरवट भास होतो. घरच्या घरी पिवळी माती आणि काजळी तेलात खलून पाहिल्यास हे लगेच पटते. त्यामुळेच बाजारातील तयार हिरव्या रंगात थोडा तपकिरी मिसळून केलेला 'ऑलिव्ह' सावलीत बरा दिसला तरी उन्हात परका वाटतो.

रंग कसा बदलतो

जुन्या रंगाचे तीन मुख्य घटक असतात : रंगद्रव्य, ते धरून ठेवणारे बंधक द्रव्य आणि वाळताना उडून जाणारे विद्रावक. युद्धकाळातील बऱ्याच रंगांत बंधक म्हणून जवसाचे तेल किंवा त्यापासून बनवलेले अल्किड राळद्रव्य असे. सोलापूर-बार्शीकडे भाकरीबरोबर ज्या जवसाची चटणी खातात, त्याच जवसाचे हे तेल. हवेतील प्राणवायू शोषून ते कडक होते आणि अंधारात राहिले तर पिवळे पडत जाते. त्यामुळे अवजारांच्या पेटीच्या आत किंवा आसनाखाली सुरक्षित राहिलेला रंग मूळ छटेचा असेल, असे गृहीत धरता येत नाही. तो उन्हाने विटलेला नसतो, पण तेलाने पिवळावलेला असतो. असा भाग काही दिवस उजेडात ठेवल्यास हा पिवळेपणा बराच कमी होतो. म्हणून जाणकार मोजमाप करण्यापूर्वी नमुन्याला ऊन दाखवतात.

बाहेरच्या पृष्ठभागाची गत उलटी असते. सूर्याच्या अतिनील किरणांनी बंधक द्रव्य झिजते, रंगद्रव्याचे कण मोकळे होतात आणि हात लावल्यास बोटाला पावडर लागते. अशा पृष्ठभागावरून प्रकाश विखुरतो व रंग मूळच्यापेक्षा फिका आणि राखट दिसतो. त्यावर ओले बोट फिरवले की तो क्षणभर गडद होतो. ही गडद छटाच मूळ छटा, असा पुष्कळांचा समज असतो आणि तोही चुकीचा आहे. युद्धकाळातील रंग मुद्दाम चकाकीविरहित बनवलेले असत. चकाकीविरहित रंग ओल्या रंगापेक्षा नेहमीच थोडा उजळ दिसतो. खरे उत्तर दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते.

आगीचा परिणाम आणखी वेगळा. पिवळ्या गेरूतील लोहसंयुगातले पाणी उष्णतेने निघून जाते आणि तो तांबडा होतो. विटा भाजताना मातीचा रंग पालटतो, त्याच जातीचा हा बदल आहे. मार बसून पेटलेल्या रणगाड्यावर सापडलेला तांबूस थर हे छद्मावरण असेलच असे नाही.

थरांचा शोध

मूळ रंग शोधण्याची खात्रीची जागा म्हणजे जिथे नंतरच्या रंगाऱ्याचा कुंचला पोहोचला नाही अशी जागा : कारखान्याच्या माहितीपट्टीच्या मागे, दिव्यांच्या वाट्यांच्या आत, उपकरणफलकाच्या पाठीमागे, बोल्टने बसवलेल्या कंसाखाली, नंतर जोडलेल्या पत्र्याखाली. वाहन सुटे करताना प्रत्येक भाग काढल्याबरोबर त्याखालचा रंग पाहणे आणि छायाचित्र घेणे आवश्यक असते. घाईने वाळूचा मारा करून सगळा पत्रा पांढरा केला की पुरावा कायमचा नाहीसा होतो. नवा पत्रा घडवता येतो, पण जुन्या रंगाचा थर एकदा गेला की तो परत मिळवण्याचा कोणताही उपाय नाही.

उघड्या पृष्ठभागावर रुपयाच्या नाण्याएवढी जागा निवडून ती बारीक पॉलिश पेपरने पाणी लावत हळूहळू घासली जाते. मध्यभाग खोल आणि कडा उथळ ठेवल्यास एकाभोवती एक अशी रंगांची वलये दिसू लागतात. मधोमध पत्रा, त्याभोवती अस्तर, मग पहिला रंग, आणि सर्वांत बाहेर शेवटचा हात. महाराष्ट्राला थरांची ही कल्पना नवी नाही. वर्षानुवर्षे शेंदूर चढवलेल्या मूर्तींवर जाड कवच तयार होते. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील असे कवच काढल्यावर आतील मूळ स्वरूप दिसले होते. योगायोग असा की शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, आणि लोखंड गंजू नये म्हणून वाहनांच्या व पुलांच्या अस्तरात वापरले जाणारे तांबडे द्रव्यही तेच.

वलयांचा क्रम कळला तरी त्यांचा काळ कळत नाही. त्यासाठी थरांमध्ये अडकलेल्या खुणा उपयोगी पडतात. दोस्तराष्ट्रांचा पांढरा तारा, वाहनाचा नोंदणी क्रमांक किंवा एखाद्या डिव्हिजनचे चिन्ह सापडल्यास त्याखालचा रंग त्या चिन्हाच्या काळचा किंवा त्याआधीचा ठरतो. १७ व्या भारतीय डिव्हिजनचे काळे मांजर आणि चौथ्या भारतीय डिव्हिजनचा तांबडा गरुड ही अशी ठळक चिन्हे. एकीचा इतिहास ब्रह्मदेशाशी, तर दुसरीचा आफ्रिका व इटलीशी जोडलेला असल्यामुळे चिन्हावरून आघाडीही कळते.

अधिक सूक्ष्म तपासणीसाठी रंगाचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा पारदर्शक राळेत बसवून त्याचा छेद घेतात व तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दोन थरांमध्ये धुळीची रेघ असेल तर मध्ये बराच काळ गेला, नसेल तर दोन्ही हात लागोपाठ दिले गेले, एवढे त्यावरून सांगता येते. क्ष-किरण प्रतिदीप्ती या पद्धतीने शिसे, क्रोमियम, जस्त, टायटॅनियम अशी मूलद्रव्ये नमुना न खरवडता ओळखता येतात.

छायाचित्रांचा पुरावा जपून वापरावा लागतो. जुन्या कृष्णधवल फिल्मांपैकी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळी असे, त्यामुळे तीत तांबडा रंग काळा आणि निळा रंग पांढुरका येतो. रंगीत चित्रेही विश्वसनीय नसतात, कारण फिल्मवरील रंग स्वतःच विटतात. छायाचित्रावरून पट्ट्यांची रचना, चिन्हांची जागा आणि चकाकी यांची माहिती घ्यावी, छटा घेऊ नये, हा नियम अनुभवातून आला आहे.

मोजणी आणि मिश्रण

छटा शब्दांत सांगता येत नाही, म्हणून ती अंकांत सांगितली जाते. वर्णपटमापक हे उपकरण पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश तरंगलांबीनुसार मोजते आणि त्यावरून उजळपणा, तांबडा-हिरवा अक्ष व पिवळा-निळा अक्ष असे तीन आकडे मिळतात. १९७६ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने स्वीकारलेल्या या पद्धतीत दोन रंगांमधील अंतरही एका आकड्याने दाखवता येते. हा आकडा १ च्या आसपास असेल तर सरावलेल्या डोळ्यालाच फरक जाणवतो. पण विटलेल्या नमुन्याचा आकडा कितीही अचूक असला तरी तो विटलेल्याच रंगाचा आकडा असतो. दुकानातील यंत्र तोच आकडा गाठून देते आणि ग्राहक समाधानाने घरी जातो.

दुसरी अडचण प्रकाशाची. वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनवलेले दोन रंग एका प्रकाशात तंतोतंत सारखे आणि दुसऱ्या प्रकाशात स्पष्ट वेगळे दिसू शकतात. लग्नाच्या बस्त्यात दुकानातील दिव्याखाली जुळलेली साडी आणि खण घरी उजेडात विजोड दिसतात, तोच हा प्रकार. यावर उपाय म्हणजे शक्य तेवढी मूळ जातीचीच रंगद्रव्ये वापरणे आणि जुळणी सावलीतील दिवसाच्या उजेडात, तसेच दिव्याखाली, अशा दोन्ही ठिकाणी तपासणे. नमुना पत्र्याच्या तुकड्यावर, प्रत्यक्ष वापरायच्या अस्तरावर, प्रत्यक्ष वापरायच्या साधनाने मारावा. फवाऱ्याने आणि कुंचल्याने दिलेला एकच रंग वेगळा दिसतो. ओला आणि वाळलेला तर वेगळा असतोच. चकाकी कमी करणारे द्रव्य मिसळल्यावरही छटा किंचित उजळते, त्यामुळे अंतिम तुलना सर्व काही मिसळून व पूर्ण वाळवूनच करावी.

मूळ रंगद्रव्ये वापरण्याला एक मर्यादा आहे. शिसे आणि क्रोमेट असलेली द्रव्ये विषारी आहेत. जुना रंग कोरडा घासताना उडणारी धूळ श्वासावाटे शरीरात जाते आणि शिशाचा सर्वाधिक अपाय लहान मुलांना होतो. घराच्या अंगणात जीप घासण्याची पद्धत म्हणूनच धोक्याची आहे. घासकाम ओले करणे, योग्य मुखवटा वापरणे, कामाचे कपडे घरात न नेणे आणि निघालेला गाळ उघड्यावर न टाकणे ही किमान दक्षता होय. नव्या रंगात ही विषारी द्रव्ये टाळून सेंद्रिय पिवळी द्रव्ये व लोह ऑक्साइड यांच्या साहाय्याने छटा साधली जाते. तेवढी तडजोड सर्वत्र मान्य आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

अहिल्यानगर येथे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र असून तेथील रणगाडा संग्रहालय १९९४ च्या फेब्रुवारीत स्थापन झाले. रोल्स-रॉईस चिलखती गाडी, माटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल हे ब्रिटिश रणगाडे, हा-गो व ची-हा हे जपानी रणगाडे, पाकिस्तानकडून हस्तगत केलेले पॅटन आणि भारतात बनलेला विजयंता अशी वाहने तेथे आहेत. रंगाच्या अभ्यासकाला एकाच आवारात चार-पाच देशांच्या रंगपरंपरा भेटण्याचे असे ठिकाण देशात विरळाच. प्रत्येक वाहनाचा प्रश्नही निराळा आहे. पॅटनवर अमेरिकी कारखान्याचा रंग, त्यावर ज्या सैन्याने तो वापरला त्याचा रंग आणि त्यावर विजेत्यांचा रंग, असे तीन दावेदार असतात. युद्धात मिळालेले चिन्ह म्हणून तो पाहायचा असेल तर मधला थर महत्त्वाचा ठरतो.

१६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या 'फामागुस्ता' नावाच्या सेंच्युरियन रणगाड्यातून लढले, तोही पुनरुज्जीवित करून अहिल्यानगरच्या या केंद्रात जपलेला आहे. सेंच्युरियन हा युद्धोत्तर ब्रिटिश रणगाडा. ब्रिटिश सैन्यात त्याला 'डीप ब्राँझ ग्रीन' हा चकाकणारा गडद हिरवा रंग दिला जाई, तर भारतीय सैन्याचा रंग ऑलिव्ह ग्रीन. अशा रणगाड्याच्या बाबतीत कारखान्याचा रंग अप्रस्तुत असतो. १९७१ च्या हिवाळ्यात तो जसा होता तसाच तो दिसला पाहिजे.

दख्खनच्या पठारावरील प्रखर ऊन हे उघड्यावर ठेवलेल्या कोणत्याही वाहनाच्या रंगाचा मोठा शत्रू आहे. उघड्यावरील वाहनांना ठराविक वर्षांनी नवा हात द्यावाच लागतो आणि प्रत्येक हाताबरोबर मूळ थर खोल जातो. खोल गेलेला थर सुरक्षितही राहतो, हे मात्र विसरू नये. जुना रंग न खरवडता त्यावर रंग देणे हे दिसायला ढिसाळ, पण पुराव्याच्या दृष्टीने हितकारक असते.

खासगी संग्राहकांपुढे कायद्याचाही प्रश्न असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर विक्रीला काढलेल्या जीप भारतभर पसरल्या आणि १९४७ पासून महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली, त्यामुळे या जातीची वाहने आजही हौशी मंडळींकडे आढळतात. मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार संरक्षण खात्याखेरीज अन्य कोणाच्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. नोंदणी पुस्तकात वाहनाच्या रंगाची नोंद असते आणि तो बदलताना परिवहन कार्यालयाला कळवावे लागते. अस्सल रंग शोधण्यासाठी महिने घालवल्यानंतर तो रंग देऊन रस्त्यावर गाडी आणता येत नाही, अशी ही कोंडी आहे. काही जण वाळवंटी पिवळसर छटा निवडतात. त्या वाहनाचा वाळवंटाशी संबंध नसेल तर ही निवड कायदेशीर असली तरी अस्सल म्हणता येत नाही. काही जण प्रवासी वाहनाचा नेहमीचा रंग देऊन मूळ छटा फक्त आसनाखाली वा झाकणाच्या आत जपतात. हा मार्ग अधिक प्रामाणिक आहे.

रेल्वेवाहने

थरांच्या अभ्यासाची हीच रीत रेल्वेच्या डब्यांना लागू होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. तिचा मार्ग २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीचा होता. तिचे डबे व इंजिने हिंदुस्थानात धाडण्यापूर्वी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ खास टाकलेल्या रुळांवर चालवून दाखवण्यात आली होती. लष्करी हालचालींसाठी अरुंद मार्ग कितपत उपयोगी पडेल, हाही त्या प्रात्यक्षिकामागील एक हेतू होता. पुढे ही रेल्वे एका बाजूने पंढरपूर-मिरजपर्यंत आणि दुसऱ्या बाजूने लातूरपर्यंत वाढली. १९५४ साली ती सरकारने विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. त्यामुळे या मार्गावरील जुन्या डब्यावर १९५४ ही एक निश्चित सीमारेषा मिळते. तिच्या खालचे थर कंपनीच्या काळातील, वरचे सरकारी काळातील. डब्यावर रंगवलेली कंपनीची आद्याक्षरे एखाद्या थरात सापडली तर ती सीमारेषा डोळ्यांनी पाहता येते. लाकडी डब्यांत मात्र रंग लाकडात मुरतो, वलये स्पष्ट उमटत नाहीत, आणि तेथे घासून पाहण्यापेक्षा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

काम पूर्ण झाल्यावर मूळ थरांची एक छोटी खिडकी, साधारण तळहाताएवढी, न रंगवता राखून ठेवण्याची प्रथा संग्रहालयांत रूढ होत आहे. तिच्यावर पारदर्शक लेप देतात आणि ती दाराच्या मागे किंवा तळाशी, उजेडापासून दूर ठेवतात. वापरलेल्या मिश्रणाचे प्रमाण, रंगाचा उत्पादन क्रमांक, तिन्ही आकडे आणि कामाची तारीख यांची नोंद वाहनाच्या कागदपत्रांत ठेवली जाते. वाळलेल्या नव्या रंगाचा पत्र्यावरील एक नमुनाही लिफाफ्यात घालून त्यासोबत जोडतात.